सवलतीतला ब्लूटूथ स्पीकर घेताय? टक्केवारीआधी बिल पाहा

दसरा-दिवाळी जवळ आली, बोनसची चर्चा सुरू झाली की पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातले वाचक ठरावीक प्रश्न विचारू लागतात. 'पाच हजारांचा स्पीकर चौदाशेला मिळतोय, घ्यावा का?' 'दुकानदार म्हणतो, बिल हवे असेल तर जीएसटी वेगळा पडेल. हे खरे आहे का?' 'ऑनलाइन मागवलेला स्पीकर आठ दिवसांत बंद पडला. विकणारा कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी सर्व्हिस सेंटरकडे पाठवते. आता काय करू?'

हजार-दोन हजारांची वस्तू म्हणून बहुतेक जण अशा वेळी गप्प बसतात. पण कंत्राटी कामगाराच्या पगारात ही रक्कम दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढी असते. ती बुडू द्यायची नसेल, तर खरेदीपूर्वी थोडा वेळ द्या. पुढचा सगळा लेख एका गोष्टीभोवती आहे : किंमत कितीही कमी असो, तुमच्या नावाचे पक्के बिल आणि चालू वॉरंटी हातात येत नसेल, तर तो सौदा स्वस्त नाही.

आधी ठरवा : स्पीकर हवा की इअरफोन?

सवलत पाहून गरज ठरवू नका. स्पीकर कुठे आणि कोणासोबत वाजणार, ते आधी ठरवा.

- कॉट बेसिसवर किंवा भागीदारीत खोलीत राहत असाल तर : कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे या भागांत एका खोलीत तीन-चार जण आणि प्रत्येकाची शिफ्ट वेगळी, हे नेहमीचे चित्र आहे. रातपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो. तुमचा एकट्याचा ऐकण्याचा वेळ जास्त असेल, तर चांगला इअरफोन घेणे योग्य.
- कुटुंबासाठी : स्वयंपाकघरात सकाळची भक्तिगीते, आई-वडिलांसाठी कीर्तन किंवा आकाशवाणी असा वापर असेल, तर स्पष्ट आवाज, मोठी बटणे, एफएम आणि मेमरी कार्डची सोय पाहा. सारखा मोबाइल जोडावा लागणारे यंत्र ज्येष्ठ मंडळी चार दिवसांत बाजूला ठेवतात.
- सहल, ट्रेक, क्रिकेट, सोसायटीच्या गच्चीवरचे वाढदिवस : यासाठी पाणी-धूळ सोसणारी घडण, टिकाऊ बॅटरी आणि सॅकला अडकवता येईल असा पट्टा किंवा हूक हवा.
- कारखान्यात नेण्यासाठी : आधी सुपरवायझर आणि सिक्युरिटीला विचारा. अनेक कंपन्यांत खासगी इलेक्ट्रॉनिक वस्तू गेटमधून नेता येत नाही किंवा तिची नोंद करावी लागते. यंत्रे आणि फोर्कलिफ्ट चालू असलेल्या शॉप फ्लोअरवर तर संगीत नकोच. हॉर्न ऐकू न येणे तिथे जिवावर बेतू शकते.

सवलतीचा हिशोब असा करा

'७० टक्के सूट' ही सूट छापील एमआरपीवर मोजलेली असते. एमआरपी म्हणजे कमाल किरकोळ किंमत. तिच्यापेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, एवढाच तिचा अर्थ. त्या किमतीला वस्तू प्रत्यक्षात कधी विकली गेली होती की नाही, हे एमआरपीवरून कळत नाही.

समजा, एका स्पीकरची एमआरपी ४,९९९ रुपये आहे आणि ७० टक्के सुटीनंतर तो १,५०० रुपयांना मिळतो. दुसऱ्याची एमआरपी १,९९९ रुपये आहे आणि तो २५ टक्के सुटीनंतर तितक्याच पैशांना मिळतो. पहिल्यात बचत मोठी वाटते, पण खिशातून जाणारे पैसे सारखेच. म्हणून टक्केवारी बाजूला ठेवा आणि हे तपासा :

1. त्याच मॉडेलची आजची किंमत किमान तीन ठिकाणी पाहा : एक ऑनलाइन बाजार, कंपनीची स्वतःची वेबसाइट आणि जवळचे दुकान. मॉडेलचे पूर्ण नाव जुळवा. एकाच नावाच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीत बॅटरी, चार्जिंग पोर्ट वेगळे असू शकतात.
2. शेवटच्या पानावर दिसणारी एकूण रक्कम पाहा. डिलिव्हरी, हाताळणी, पॅकिंग असे आकार तिथेच उघड होतात.
3. बँक कार्डावरची सूट किमान किती खरेदीवर आहे आणि ती लगेच मिळते की नंतर कॅशबॅक म्हणून, ते वाचा.
4. 'नो कॉस्ट ईएमआय' असेल तर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी किती लागतो, ते पाहा. दीड-दोन हजारांच्या वस्तूसाठी कर्ज न घेणे उत्तम. एखादा हप्ता चुकला तर दंडात सगळी सवलत जाते आणि क्रेडिट स्कोअरही बिघडतो.

'फक्त २ शिल्लक', 'ऑफर संपायला ४ मिनिटे' अशा पाट्यांनी घाई करू नका. केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशी खोटी घाई निर्माण करणे आणि ग्राहकाला न विचारता टोपलीत जादा वस्तू टाकणे या दोन्ही प्रकारांना मनाई केली आहे. वाढीव वॉरंटी किंवा देणगीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली दिसली, तर ती काढून टाका.

खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ

- वॅट : 'आरएमएस' लिहिलेला आकडा पाहा. तो स्पीकर सलग देऊ शकतो त्या शक्तीचा असतो. 'पीएमपीओ'चा हजारांतला आकडा पूर्ण दुर्लक्षित करा. साधारण ५ वॅट एका खोलीला पुरतात. गच्ची किंवा अंगणासाठी १० वॅटच्या पुढचा स्पीकर बघा. तरीही समान वॅटच्या दोन स्पीकरांचा आवाज सारखा असेलच असे नाही. शेवटचा निर्णय कानांनी घ्या.
- प्लेटाइम : '१२ तास' हा आकडा बहुधा मध्यम आवाजावरचा असतो. पूर्ण आवाजात, त्यातही रंगीत दिवे चालू ठेवल्यावर, बॅटरी फार लवकर उतरते.
- एमएएच : हा बॅटरीच्या क्षमतेचा आकडा. लिथियम बॅटरीचा दाब साधारण ३.७ व्होल्ट असतो. त्यामुळे २,००० एमएएच म्हणजे सुमारे ७.४ वॅट-तास. लहान बॅटरी आणि मोठे वॅट अशी जोडी दिसली, तर प्लेटाइमच्या दाव्याकडे सावधपणे पाहा.
- आयपी क्रमांक : पहिला अंक धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. 'आयपीएक्स४' म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतील. 'आयपी६७' म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास टिकेल. 'एक्स' असेल तिथे त्या गोष्टीची चाचणी नोंदवलेली नाही असे समजा. मावळातल्या पावसात न्यायचा असेल तर दुसरा अंक ५ किंवा त्याहून मोठा हवा. 'वॉटरप्रूफ' एवढाच शब्द असेल आणि क्रमांक नसेल, तर त्या शब्दावर विसंबू नका.
- ब्लूटूथ : मोकळ्या जागेत साधारण १० मीटर अंतर गृहीत धरा. मध्ये भिंत आली की ते कमी होते.
- चार्जिंग : टाइप-सी पोर्टच घ्या. मोबाइलचीच केबल चालते आणि पोर्ट सैल होण्याची तक्रार कमी येते.
- टीडब्ल्यूएस : एकाच मॉडेलचे दोन स्पीकर जोडून डावा-उजवा आवाज मिळण्याची सोय. एकच स्पीकर घेणार असाल, तर यासाठी जादा पैसे मोजू नका.

दुकानात दहा मिनिटे ऐका

पिंपरी कॅम्प, चिंचवड, निगडी, भोसरी किंवा चाकणच्या बाजारपेठेत जाऊन स्पीकर प्रत्यक्ष ऐकता येतो. दुकानाचा खरा फायदा तोच. दुकानदार स्वतःचे गाणे लावतो. ते बासचा दणका दाखवण्यासाठीच निवडलेले असते. तुम्ही तुमच्या मोबाइलवरचे लावा.

1. पखवाज आणि टाळ असलेला अभंग लावा. गायकाचे शब्द पखवाजाखाली दबतात का? टाळांचा आवाज कानाला टोचतो का?
2. ढोलकीची लावणी पूर्ण आवाजात अर्धा मिनिट वाजवा. स्पीकरच्या पेटीतून खरखर आली किंवा आवाज फाटला, तर तो नको.
3. नंतर आवाज अगदी हळू करा. रात्री घरात याच पातळीवर ऐकणार आहात. हळू आवाजात गाणे पोकळ वाटले, तर दुसरा पाहा.
4. मोबाइल घेऊन दुकानाच्या दारापर्यंत जा. आवाज तुटतो का?
5. एक फोन लावून स्पीकरवरून बोला. समोरच्याला तुमचे बोलणे स्पष्ट ऐकू येते का?
6. चार्जर लावून दिवा लागतो का, पोर्ट हलतो का, बटणे अडकतात का, हे पाहा.

डेमोचा स्पीकर वेगळा आणि खोक्यातला वेगळा असतो. विकत घेतलेला तुमच्यासमोर उघडून एकदा वाजवायला सांगा.

कुठून घ्याल? पर्याय आणि त्यांची जोखीम

- ओळखीचे दुकान किंवा मोठी शोरूम : किंमत थोडी जास्त असू शकते. पण बिघाड झाल्यास समोर माणूस असतो. घासाघीस जरूर करा, मात्र किंमत कमी करण्याच्या बदल्यात बिल सोडू नका.
- ऑनलाइन बाजार : किमतीची तुलना सोपी. मात्र विक्रेत्याचे नाव उघडून पाहा. संकेतस्थळ नावाजलेले असले, तरी माल विकणारा तिसराच असतो.
- ओपन बॉक्स आणि रिफर्बिश्ड : ओपन बॉक्स म्हणजे उघडून परत आलेला, रिफर्बिश्ड म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकलेला. घ्यायला हरकत नाही, पण बिलावर तसा उल्लेख आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. बॅटरी नवी आहे की जुनी, ते विचारा.
- रस्त्यावरचा किंवा आठवडी बाजारातला माल : तीन-चारशे रुपयांत मिळतो, पण तो बिघडल्यावर दाद मागायला कागद नसतो. गेले तर गेले म्हणता येईल एवढेच पैसे इथे घाला. रात्रभर चार्जिंगला मात्र कधीही लावून ठेवू नका.

'कंपनीतून निघालेला माल' : या बोलण्याला भुलू नका

औद्योगिक पट्ट्यात 'कंपनीचा लॉट आहे', 'एक्स्पोर्ट रिजेक्ट आहे', 'गोडाऊनमधून थेट आणलाय' असे कोणी म्हणाले की ऐकणाऱ्याला ते पटते, कारण कारखाने आणि गोदामे खरोखरच शेजारी आहेत. जेबीएल हा ब्रँड ज्या हरमन कंपनीचा आहे, तिचा कारखाना चाकणमध्ये आहे हेही खरे. पण २०१४ मध्ये सुरू झालेला तो कारखाना मोटारींत बसणाऱ्या इन्फोटेनमेंट यंत्रणांसारख्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी आहे. त्याचे नाव सांगून कोणी सहलीचा स्पीकर अर्ध्या किमतीत देऊ करत असेल, तर तिथेच थांबा.

अशा वेळी दोनच शक्यता उरतात. एकतर माल बनावट असतो. नाहीतर कुठूनतरी चोरलेला असतो, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. कंपनीत नोकरी करणाऱ्याने तर या भानगडीत पडूच नये. हजार रुपये वाचवण्याच्या नादात नोकरी जाऊ शकते.

ऑनलाइन मागवताना

1. पत्ता पूर्ण द्या. गट नंबरवरच्या वस्त्यांत डिलिव्हरीवाल्याला घर सापडत नाही. गट नंबर, घरमालकाचे नाव, जवळची खूण आणि चालू मोबाइल क्रमांक लिहा. दिवसपाळी असेल तर पिकअप केंद्राचा पर्याय घ्या. कंपनीच्या पत्त्यावर खासगी पार्सल घेतात का, ते आधी विचारा.
2. तुमच्याच खात्यावरून घ्या. रूम पार्टनरच्या खात्यावरून मागवले की बिल त्याच्या नावाने निघते. तो नोकरी सोडून गावी गेला की बिल आणि ओटीपी दोन्ही त्याच्याकडे. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक असतो, पण ते सिद्ध करण्याचा त्रास कशाला?
3. परतीची अट वाचा. 'सात दिवसांत फक्त बदलून मिळेल' आणि 'पैसे परत' यांत मोठा फरक आहे. मागवण्यापूर्वी त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. जाहिरातीतली वैशिष्ट्ये दिसणाऱ्या पानाचाही काढा.
4. उघडताना व्हिडिओ काढा. पार्सलवरचे लेबल दिसेल अशा ठिकाणापासून स्पीकर चालू होईपर्यंत एकसलग, न तोडता. 'ओपन बॉक्स डिलिव्हरी', म्हणजे पार्सल तुमच्यासमोर उघडून देण्याची सोय, असेल तर वस्तू पाहिल्यावरच ओटीपी सांगा.
5. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीतून थेट पैसे भरू नका. संकेतस्थळाचा पत्ता अक्षर अन् अक्षर तपासा. नावाजलेल्या ब्रँडचा स्पीकर १९९ रुपयांना मिळत नाही.
6. कस्टमर केअरचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नका. तो अ‍ॅपमधून किंवा बिलावरून घ्या. परतावा मिळण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. तसे करायला कोणी सांगितले तर फोन ठेवा. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी.

बिल, खोके आणि नोंदणी क्रमांक

'बिल घेतले तर १८ टक्के जास्त पडेल' हे वाक्य ऐकले की सावध व्हा. एमआरपीमध्ये सर्व कर धरलेले असतात आणि तिच्यावर जीएसटी लावता येत नाही. एमआरपीखालच्या दराबाबत घासाघीस होऊ शकते, पण बिल देण्याचे टाळणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. जीएसटी नोंदणी नसलेला छोटा दुकानदारही साधे बिल देऊ शकतो.

पैसे देण्यापूर्वी एवढे तपासा :

- बिलावर तुमचे नाव, तारीख, दुकानाचे नाव-पत्ता, मॉडेल आणि सीरिअल नंबर आहे ना? वॉरंटी या तारखेपासूनच मोजली जाते.
- बिलावरचा सीरिअल नंबर खोक्यावरच्या आणि स्पीकरवरच्या नंबरशी जुळतो ना?
- खोक्यावर एमआरपी, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना-वर्ष, कोणत्या देशात बनला ते आणि ग्राहक सेवेचा संपर्क आहे ना? किंमत कमी केल्याचा स्टिकर लावता येतो, पण त्याने मूळ एमआरपी झाकता येत नाही.
- भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना? ब्लूटूथ स्पीकरसाठी ही नोंदणी सक्तीची आहे. 'बीआयएस केअर' या मोफत अ‍ॅपमध्ये क्रमांक टाकला की तो कोणत्या उत्पादकाला आणि कोणत्या वस्तूसाठी दिला आहे, ते दिसते. मोबाइल चार्जरचा क्रमांक स्पीकरच्या खोक्यावर छापलेला निघाला, तर तो माल घेऊ नका.
- वॉरंटी किती महिन्यांची, बॅटरी त्यात येते का आणि जवळचे सर्व्हिस सेंटर कुठे आहे? कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून पाहा. दर वेळी पुण्यात जाऊन यायचे झाले तर भाडे आणि बुडालेली हजेरी स्पीकरपेक्षा महाग पडेल. घरून उचलून नेण्याची सोय आहे का, तेही विचारा.

छापील बिल उन्हात-घामात पुसट होते. त्याच दिवशी फोटो काढून स्वतःला ईमेल करा.

बिघडला, तर क्रमाने असे करा

आधी एक भेद लक्षात घ्या. वस्तू आवडली नाही म्हणून परत घेण्याची सक्ती कायदा करत नाही, ते विक्रेत्याच्या धोरणावर असते. पण वस्तू सदोष निघाली तर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी तुम्हाला अडवू शकत नाही. बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. ऑनलाइन विक्रेत्यांना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेणे नाकारता येत नाही.

1. पहिल्याच दिवशी लेखी तक्रार. अ‍ॅप, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर. फोनवर बोललात तरी तक्रार क्रमांक मागून घ्या. बिघाडाचा छोटा व्हिडिओ जोडा.
2. परतीची मुदत वाया जाऊ देऊ नका. 'दोन दिवस वापरून पाहा, ठीक होईल' असे सांगितले, तरी मुदतीच्या आत तक्रार नोंदवाच.
3. स्पीकर उघडू नका. बाहेरच्या कारागिराने झाकण काढले की वॉरंटी नाकारायला कारण मिळते. सर्व्हिस सेंटरला देताना तारीख आणि सीरिअल नंबर लिहिलेली जॉबशीट घ्या.
4. तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने त्याचे नाव आणि संपर्क जाहीर करायचा असतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची, असा नियम आहे.
5. १९१५ ला फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मराठीतही बोलते. ती निकाल देत नाही, पण तुमची तक्रार थेट कंपनीपुढे ठेवते. लहान रकमेच्या वादात आयोगाकडे जाण्याआधी हा मार्ग जरूर वापरा.
6. जिल्हा ग्राहक आयोग. तरीही दाद मिळाली नाही, तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो.

बाहेरगावाहून आलेल्या वाचकांसाठी एक महत्त्वाची सोय आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा जिथे नोकरी करतो, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दिल्ली-बंगळुरूचा असला, तरी चाकणला काम करणारा नांदेडचा तरुण पुण्याच्या जिल्हा आयोगात दाद मागू शकतो.

लेखी तक्रारीचा नमुना

> प्रति, तक्रार निवारण अधिकारी, (कंपनीचे नाव)
>
> मी दि. …… रोजी बिल क्र. …… अन्वये …… मॉडेलचा ब्लूटूथ स्पीकर (सीरिअल नंबर ……) रु. …… ला खरेदी केला. दि. …… पासून तो चार्ज होत नाही. दि. …… रोजी तक्रार क्र. …… नोंदवूनही दुरुस्ती, बदली किंवा परतावा मिळालेला नाही. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत स्पीकर बदलून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.
>
> सोबत : बिल, बिघाडाचा व्हिडिओ, आधीचा पत्रव्यवहार.
>
> (नाव, पत्ता, मोबाइल, सही)

भाषा सौम्य ठेवा, तारखा अचूक द्या. रागाच्या चार ओळींपेक्षा एक तक्रार क्रमांक जास्त कामाचा असतो.

स्पीकर घेतला, आता वाजवताना

- रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक किंवा आवाज करणारी साधने वाजवायला ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार मनाई आहे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. लहान स्पीकरही गच्चीवर ही मर्यादा सहज ओलांडतो.
- पुणे-लोणावळा लोकल, मेट्रो, पीएमपी आणि कंपनीच्या बसमध्ये स्पीकर लावू नका. रेल्वेने २०२२ मध्ये रात्री १० नंतर मोठ्याने गाणी वाजवण्याविरुद्ध स्पष्ट सूचना दिल्या आहेत. बसमध्ये तुमच्या शेजारी बारा तास उभे राहून आलेला कोणी डुलकी घेत असतो.
- दुचाकीवर स्पीकर किंवा इअरफोन नकोच. नाशिक फाटा ते चाकण हा रस्ता कंटेनर-ट्रेलरचा आहे. मागून येणाऱ्या अवजड गाडीचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे.
- लोहगड आणि शिवनेरी जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आहेत. गडावर, लेण्यांत आणि भीमाशंकरच्या अभयारण्यात स्पीकर सॅकमध्येच ठेवा. शेकरू आणि पाखरांच्या घरात आपण पाहुणे असतो.

बॅटरी टिकवायची असेल तर

- एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत स्पीकर ठेवू नका. उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर खराब होते.
- पोर्ट ओला असताना चार्जिंग करू नका. भिजल्यावर पूर्ण वाळू द्या, मग रबरी झाकण नीट बसवा.
- महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा.
- पेटी फुगली, तापली किंवा विचित्र वास आला तर वापर लगेच बंद करा. ती घंटागाडीच्या मिश्र कचऱ्यात टाकू नका. दाबल्यावर लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा १९१५ वर विचारून ती अधिकृत संकलन केंद्रात द्या.

पैसे देण्यापूर्वी शेवटची पाच वाक्ये

1. मला याचा रोज किंवा दर आठवड्याला उपयोग आहे.
2. मी किंमत तीन ठिकाणी पाहिली आहे.
3. बिल माझ्या नावाने, सीरिअल नंबरसह मिळणार आहे.
4. 'आर' क्रमांक मी अ‍ॅपवर तपासला आहे.
5. सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि परतीची मुदत कधी संपते, हे मला माहीत आहे.

यातले एक जरी वाक्य खरे नसेल, तर खरेदी आठवडाभर पुढे ढकला. सेल पुन्हा येतो, दर काही महिन्यांनी येतोच. आणि फसवणूक झाली असेल तर रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. एक फोन १९१५ ला करा आणि तुमच्या खोलीतल्या, लाइनवरच्या, सोसायटीतल्या चार जणांना तो क्रमांक सांगा.